मुरूड–अलिबाग तीन दिवसांत: आधी तिथी, मग हॉटेल

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याहून शुक्रवार ते रविवार, डिसेंबरमध्ये, चारचाकीने जायचं आहे. सोबत सत्तरीचे वडील आणि नऊ वर्षांची मुलगी. फणसाडचं जंगल, जंजिरा, अलिबागसमोरच्या समुद्रातला कुलाबा किल्ला, जमलं तर लेणी आणि कोर्लईचा किल्ला पाहायचा आहे. क्रम कसा लावावा, काय गाळावं आणि कुठे फसायला होतं?

क्रम लावताना बहुतेक जण नकाशा उघडतात आणि अंतरं मोजतात. इथे अंतर ही अडचणच नाही, मुरूड ते अलिबाग जेमतेम पन्नास किलोमीटर आहे. अडचण आहे भरती-ओहोटीची. कुलाबा किल्ल्यात चालत जायचं तर ओहोटी लागते, जंजिऱ्याच्या पायऱ्यांवर उतरायला पाणी वर असलेलं बरं आणि खाडीतले पक्षी पाणी उतरायला लागलं की खायला बाहेर पडतात. म्हणून हॉटेलच्या आधी तिथी ठरवा.

कोकणात एक जुना हिशेब चालतो: तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीचा तास. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनच्या आसपास भरती, आणि पहाटे तीनलाही. ओहोटी त्याच्या साधारण सहा तास आधी आणि नंतर, म्हणजे सकाळी नवाच्या सुमारास. अष्टमीला भरती सहाला आणि ओहोटी बाराला. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, शिवाय तिथीची वृद्धी किंवा क्षय असला की गोंधळ वाढतो. तेव्हा भिंतीवरच्या कॅलेंडरवरून शनिवार-रविवार निवडा आणि नक्की वेळ मुंबईच्या भरतीच्या तक्त्यावरून घ्या. अलिबाग-मुरूडला त्यात फार फरक पडत नाही.

दुसरी गोष्ट उधाण आणि भांगाची. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, भरती मोठी आणि ओहोटीही तितकीच खोल. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी फार चढत नाही तसं फार उतरतही नाही. कुलाब्याला जाणाऱ्यांची फसगत बहुधा इथेच होते. ओहोटीची वेळ बरोबर काढलेली असते, पण तिथी सप्तमी-अष्टमी असते आणि ऐन ओहोटीलाही वाटेत गुडघ्याच्या वर पाणी उभं असतं. पौर्णिमेला उलट अडचण: पाणी भरपूर उतरतं, पण संध्याकाळी साडेपाच-सहाला, म्हणजे जायची आणि परतायची वेळ अंधारात जाते. उधाणाचा जोर पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवस टिकतो. हे सगळं जुळवलं की उत्तर निघतं: शुक्रवार तृतीयेचा, शनिवार चतुर्थीचा आणि रविवार पंचमीचा असा आठवडा शोधा. एखादा दिवस पुढेमागे चालेल. नाताळ ते एकतीस तारीख मात्र तिथी कितीही छान असली तरी टाळा. त्या आठवड्यात अलिबागच्या रस्त्यावर गाडी चालवायची नसते, ढकलायची असते.

खालचा क्रम याच तीन तिथी धरून दिला आहे.

शुक्रवारी पहाटे निघा आणि खोपोली-पेणकडून न येता ताम्हिणी घाटाने माणगावला उतरा. तिथून इंदापूर (महामार्गावरचं, सोलापूरकडचं नव्हे), तळा आणि मग कुडा लेणी. थांबत थांबत चार-साडेचार तास धरा. कुडा हे या भागातलं सर्वांत कमी गर्दीचं आणि माझ्या मते सर्वांत मोलाचं ठिकाण आहे. राजपुरी खाडीच्या वर टेकडीत 26 बौद्ध लेणी दोन पातळ्यांवर कोरलेली आहेत. खालचं मांदाड हे प्राचीन बंदर. लेणी डोंगरात आडबाजूला वाटतात, पण खाडीकडे तोंड करून उभं राहिलं की ती बंदराच्या दारातच आहेत हे दिसतं. दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मी लेखांत आहेत आणि त्यांत फक्त राजघराण्यातली माणसं नाहीत, माळी आहे, वैद्य आहे, लोखंडाचा व्यापारी आहे. सहाव्या लेण्याच्या दर्शनी भागात हत्ती आहेत, आत जोडप्यांची शिल्पं आणि नंतरच्या काळात कोरलेल्या बुद्धमूर्ती.

लेख वाचता येत नसले तरी पाहायचे कसे ते कळलं पाहिजे. भर दुपारी समोरून उजेड आला की अक्षरं दिसतच नाहीत, भिंत नुसती खडबडीत वाटते. साधी विजेरी भिंतीला जवळजवळ चिकटवून बाजूने मारा. अक्षरांच्या खाचांत सावली पडते आणि ओळ उमटते. मुलीच्या हातात विजेरी द्या, हा खेळ तिला चांगला जमेल. भिंतीवर पाणी शिंपडणं किंवा खडूने अक्षरं भरणं हे दोन्ही लेखाचं नुकसान करतं. लेण्यांतल्या पाण्याच्या टाक्यांना जुन्या लेखांत ‘पोढी’ म्हणतात. काहींत अजून पाणी असतं, ते पिऊ नका. वडिलांना पायऱ्या सावकाश चढू द्या आणि खालच्या पातळीवरची लेणी पाहून थांबलं तरी बरंच काही पदरात पडतं.

तिथून आगरदांड्यामार्गे मुरूड. तृतीयेला भरती सव्वादोनच्या सुमारास, म्हणजे साडेचारपर्यंत पाणी एक तृतीयांशाच्या आसपास उतरलेलं असतं आणि खाडीकाठचा चिखल उघडा पडू लागतो. तुतवार, चिखल्या, बगळे उतरत्या पाण्याच्या कडेकडेने खात पुढे सरकतात. सूर्य पाठीशी राहील अशी जागा धरा, नाहीतर दुर्बिणीत नुसत्या काळ्या आकृत्या दिसतील. दुर्बीण 8×42 ची पुरते. 10 पटीची हातात हलते आणि मुलांच्या हातात तर जास्तच. काठावर तिवरं असतील, तर जमिनीतून पेन्सिलीसारख्या वर आलेल्या त्यांच्या श्वासमुळांत निवट्या शोधा. हा मासा चिखलावर उड्या मारत चालतो, त्यापुढे मुलांना बगळ्यांचं काही वाटत नाही. तिवराचं एक पान घेऊन त्याला जिभेचं टोक लावायला सांगा. झाड जादा मीठ पानावाटे बाहेर टाकतं, ते खारट लागतं. चिखलात पाय घालायचा मोह मात्र आवरा, घोट्यापर्यंत वाटतो आणि गुडघ्यापर्यंत जातो.

उजेड उरला तर राजपुरीजवळचे खोकरीचे घुमट पाहा. सिद्दी सरदारांच्या या तीन कबरी आहेत, दगडी जाळीकाम पाहण्यासारखं आहे आणि दुपारच्या उन्हापेक्षा संध्याकाळी ते खुलतं. मुक्काम मुरूडला.

शनिवारची सकाळ कशाला द्यायची, हा या सहलीतला खरा पेच आहे. हाताशी दोनच सकाळी आहेत आणि मागणारे तीन: जंगल, जंजिरा आणि कुलाबा. कुलाब्याची वेळ समुद्र ठरवतो, तिथे आपलं काही चालत नाही. जंगल सकाळी दहानंतर गप्प होतं. जंजिरा सकाळी सर्वांत सुखाचा, कारण सकाळी जमिनीवरून मतलई वारे वाहतात आणि पाणी शांत असतं, दुपारनंतर खारे वारे सुटून लाटा उठतात. तरीही जंजिरा दुपारी ढकलावा, कारण चतुर्थीला दुपारी तीनला भरती आहे आणि त्याचा उतरायच्या पायऱ्यांवर फायदा होतो. तो कसा ते पुढे येतं.

फणसाड हे मुरूडच्या नबाबाचं शिकारीचं राखीव जंगल होतं, 1986 मध्ये ते अभयारण्य झालं. सुपेगावला प्रवेशद्वार आहे, तिथेच वनखात्याची राहण्याची सोय आहे. आदल्या दिवशी मुरूडहून फोन करून गेट किती वाजता उघडतं आणि वाटाड्या मिळेल का हे विचारून ठेवा. वाटाड्याशिवाय जाऊ नका. वाट चुकण्याची भीती नंतरची, आधी हे की जंगलात काय कुठे आहे ते गावातल्या माणसालाच दिसतं.

डिसेंबरमध्ये इथे काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे आधीच घरात सांगून टाका. फणसाडमध्ये पाणवठ्यांना ‘गाण’ म्हणतात, फणसाड हे नावच अशा एका गाणावरून आलं. गाणावर लपणात बसून सांबर, भेकर, रानडुक्कर पाहायचे दिवस मार्च ते मेचे. तेव्हा बाकीचं पाणी आटलेलं असतं म्हणून प्राणी तिथे येतात. डिसेंबरात ओहोळांत अजून ओल असते, प्राणी जंगलभर विखुरलेले असतात आणि लपणात तीन तास बसून फक्त मच्छर भेटतात. बिबट्या आहे, दिसत नाही. डिसेंबरचं फणसाड हे शेकरूचं, पक्ष्यांचं आणि फुलपाखरांचं.

शेकरू शोधायची रीत अशी. चालताना दर पाच मिनिटांनी थांबायचं आणि दोन मिनिटं बोलायचं नाही. आधी कान: खडखड वाजवल्यासारखा चढता आवाज येतो, तो पक्ष्याचा वाटतो पण शेकरूचा असतो. मग जमीन: झाडाखाली ताजी कुरतडलेली फळं, बियांची टरफलं. मग वर, शेंड्याजवळ, जिथे दोन झाडांच्या फांद्या एकमेकींना लागतात तिथे. फांदीच्या बेचक्यात काटक्या-पानांचा फुटबॉलपेक्षा मोठा गोळा दिसला तर ते घरटं. एकाच शेकरूची अशी अनेक घरटी असतात, त्यामुळे घरटं दिसलं म्हणजे मालक घरात आहे असं नाही. पाहण्यात चूक होते ती अशी की लोक खारीएवढ्या आकाराचं काहीतरी शोधत बसतात. शेपटीसकट हा प्राणी तीन फुटांच्या आसपास भरतो, तांबूस-काळा-पिवळसर असतो आणि स्वस्थ बसला की नुसती शेपूट फांदीवरून दोरीसारखी लोंबते. ती दोरी शोधा.

गारंबीचा वेल मुलीला आवडेल. माणसाच्या मांडीएवढं खोड झाडांना पिळे घालत जातं आणि हातभर लांबीच्या शेंगा लोंबतात. खालची चपटी तपकिरी बी सुंदर असते, पण खिशात घालायची नाही. अभयारण्यातून काहीही उचलून आणणं हा 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, बीसुद्धा. मोकळ्या माळावर आलात तर आकाशाकडे पाहायला विसरू नका. फणसाडमध्ये गिधाडांसाठी मेलेली जनावरं ठेवण्याचा उपक्रम चालवला गेला आहे. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांच्या मूत्रपिंडांना मारक ठरलं, 2006 मध्ये गुरांसाठी त्याच्यावर बंदी आली, पण संख्या अजून सावरलेली नाही.

कपडे मळखाऊ रंगाचे, बाह्या पूर्ण, मोजे पँटवर चढवलेले, कारण या दिवसांत वाळक्या गवतात गोचिड्या असतात. परत आल्यावर पोटऱ्या, कंबर आणि मुलीच्या कानामागे नीट पाहा. माणशी दोन लिटर पाणी. वडिलांना सपाट वाटेवर तासभर चालवा आणि गाडीपाशी परत आणा, बाकीच्यांनी पुढे जावं. साडेदहाला बाहेर.

दुपारी जेवून राजपुरी जेट्टी. जंजिऱ्याला शिडाच्या होड्या जातात. होडी ही अडचण नाही, उतरणं आहे. दरवाजाच्या पायऱ्यांपाशी होडी लाटेसरशी फूट-दोन फूट वर-खाली होते. पाणी खाली गेलेलं असेल तर एरवी बुडणाऱ्या, शेवाळ चढलेल्या पायऱ्यांवर पाय टाकावा लागतो. भरतीच्या आसपास गेलं तर वरच्या, कोरड्या पायरीवर उतरता येतं. होडी वर येते तेव्हा पाय टाकायचा, खाली जाताना नाही. दोन्ही हात मोकळे हवेत, पिशवी पाठीवर. वडिलांना आधी नाही आणि शेवटीही नाही, मधे उतरवा, म्हणजे दोन्हीकडे हात असतात. आणि जेट्टीवर उभं राहून पाण्याकडे पाहा: लाटांच्या टोकांवर जागोजाग पांढरा फेस दिसत असेल तर वडिलांसाठी तो बेत रद्द. राजपुरीच्या काठावरून किल्ला पूर्ण दिसतो आणि तटबंदी खरं तर तिथूनच कळते. मुख्य दरवाजा बुरुजांच्या आडोशाला असा बसवला आहे की अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसत नाही.

आत साधारण तासाभराच्या आतच वेळ मिळतो, तेव्हा सगळं पाहायचा हट्ट धरू नका. दरवाजातलं पंजांत हत्ती धरलेल्या शरभाचं (सिंहासारख्या काल्पनिक प्राण्याचं) शिल्प, कलालबांगडी तोफ आणि गोड्या पाण्याचे तलाव एवढं पुरे. खाऱ्या पाण्याने वेढलेल्या खडकावर गोडं पाणी नसतं, तर हा किल्ला सिद्दीला इतकी वर्षं राखता आला नसता. संभाजीराजांनी 1682 च्या मोहिमेत राजपुरीच्या बाजूने दगड टाकून सेतू बांधायचा प्रयत्न केला, ते अंतर उभ्या जागेवरून पाहिलं की त्या धाडसाचा अंदाज येतो. गाइड सांगेल की पंचधातूची तोफ उन्हात तापत नाही. दुपारचे तीन वाजलेले आहेत, हात लावून पाहा.

मुरूडसमोरचा पद्मदुर्ग, म्हणजे कासा, शिवाजीराजांनी जंजिऱ्याला शह म्हणून बांधला. तिथे नेमाने होड्या जात नाहीत, कोळी बांधवांशी बोलून, समुद्र पाहून ठरतं. तीन दिवसांत तो बसवू नका. पण कधी गेलात तर तटाच्या भिंतीला नाक लावून पाहा. एरवी जुन्या भिंतीत चुना झिजतो आणि दगड उरतो. इथे दगड झिजून आत गेले आहेत आणि त्यांच्यामधला चुना कुठे बोटभर, कुठे त्याहून जास्त बाहेर उभा आहे, मधाच्या पोळ्यासारखा. लाटांचे तुषार दगडाच्या छिद्रांत शिरतात, पाणी वाळतं, मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगड कणाकणाने सुटतो. घाण्यात मळलेला चुना त्याला पुरून उरला. हे डोक्यात ठेवा, कारण रविवारी कुलाब्याला याच्या नेमकं उलटं पाहायचं आहे.

काशीदला वाटेत थांबा, पाण्यात उतरू नका. किनारा लगेच खोल होतो आणि परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते. तिथे पोहता येणारी माणसंही बुडाली आहेत. मुक्काम रेवदंडा किंवा कोर्लईच्या बाजूला करा, अलिबागला नको.

रविवारी उजाडताच कोर्लई. कोळीवाड्यातून रस्ता दीपगृहापर्यंत जातो, मागच्या पायऱ्यांनी वीसेक मिनिटांत किल्ल्यावर. डोंगराच्या चिंचोळ्या धारेवर बांधलेला हा पोर्तुगीजांचा किल्ला, एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कुंडलिकेचं मुख. डिसेंबरात वाळलं गवत आणि खाली सुटी खडी, म्हणून चढण्यापेक्षा उतरताना जपायचं. वडील दीपगृहापाशी थांबले तरी दृश्य चुकत नाही. खाली कोर्लई गावात पोर्तुगीज आणि मराठी मिळून तयार झालेली बोली आजही घराघरांत बोलली जाते. कुतूहल असणं ठीक, पण रस्त्यात भेटलेल्या माणसापुढे फोन धरून ‘जरा बोलून दाखवा’ म्हणू नये. साडेआठला खाली उतरलंच पाहिजे.

पंचमीला भरती पावणेचारला, म्हणजे ओहोटी दहाच्या थोडं आधी. सव्वानऊपर्यंत अलिबागच्या किनाऱ्यावर असा. कुलाब्याला ओहोटीच्या अर्धा तास आधी चालायला लागायचं आणि ओहोटी उलटल्यावर तासाभरात परत वाळूवर असायचं. एवढी घाई का, ते समजून घ्या. भरतीचं पाणी सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. उधाणाचा चढ चार मीटर धरा: पहिल्या तासात फक्त फूटभर, म्हणून माणूस तटावरून पाहतो आणि म्हणतो, अजून वेळ आहे. दुसऱ्या तासाअखेर मीटरभर झालेलं असतं आणि तिसऱ्या तासात आणखी मीटर. शिवाय पाणी समोरून येत नाही, किल्ल्याच्या दोन्ही अंगांनी वळून वाटेवर येऊन मिळतं. घोडागाड्या पाण्यातूनही नेतात. वडिलांना जाताना-येताना तीच करा, भाडं आधी ठरवून. पायात पट्ट्याचे सँडल हवेत. चप्पल वाळूत अडकते आणि अनवाणी गेलं तर खडकांवरची कालवं पाय कापतात.

आत तासभर पुरतो. 1680 मध्ये शिवाजीराजांनी काम सुरू केलं, संभाजीराजांच्या काळात ते पुरं झालं आणि पुढे कान्होजी आंग्र्यांनी इथून समुद्र राखला. गणपती पंचायतन राघोजी आंग्र्यांनी 1759 मध्ये बांधलं. उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यावर बसवलेल्या दोन तोफा आहेत, त्यांना आंग्र्यांच्या तोफा म्हणून दाखवलं जातं. ओतीव अक्षरं वाचा: यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचं नाव आणि 1849 साल. तोवर आंग्र्यांचं संस्थान खालसा झालेलं होतं.

आणि आता तो तट. बाहेरच्या अंगाने पाहिलं तर प्रचंड चिरे एकावर एक नुसते रचलेले आहेत, सांध्यात चुना नाही. मुलीला फटीत हात घालायला सांगा, सहज जातो. लाट आपटली की पाणी या फटींत शिरतं, तिचा जोर आत विभागला जातो आणि ते वाहून परत येतं. पद्मदुर्गात चुन्याने भिंत एकसंध केली, इथे मुद्दाम सुटी ठेवली. भरती असताना हे दाखवता आलं असतं तर फार छान, पण तेव्हा तुम्ही वाळूवर असलेलं बरं.

पावणेअकराला किनाऱ्यावर परत. अंगात जीव असेल तर कान्होजींची समाधी गावातच आहे. परतीला वडखळ-पेण-खोपोली, आणि रविवारी दुपारी दोनच्या आत अलिबाग सोडा, नाहीतर वडखळच्या अलीकडे रांगेत संध्याकाळ होईल. घरी पोचल्यावर दुर्बीण आणि कॅमेरा आधी हलक्या ओल्या फडक्याने टिपून घ्या, मग कोरड्या फडक्याने पुसा. थेट कोरडं फडकं फिरवलं तर काचेवर बसलेल्या मिठाचे ओरखडे कायमचे राहतात.